लोकसभेत बायका कमी का? तिकिटापासून चिठ्ठीपर्यंतचा हिशेब

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ जागांवर ७४ महिला निवडून आल्या. त्याआधी २०१९ मध्ये ७८ आल्या होत्या. शंभरात जेमतेम चौदा. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत हेच प्रमाण शंभरात पाचच्या आसपास होतं. सत्तर वर्षांत आपण पाचावरून चौदावर आलो, आणि शेवटच्या निवडणुकीत तर थोडे मागेच सरकलो.

महाराष्ट्रातून ४८ पैकी ७ जणी लोकसभेत गेल्या. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१. गोव्याच्या २०२२ च्या विधानसभेत ४० पैकी ३. गोव्यातून लोकसभेवर आजवर एकच महिला निवडून गेली आहे, १९८० साली संयोगिता राणे. त्याच गोव्यात १९७३ मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या. महाराष्ट्राला महिला मुख्यमंत्री अजून एकदाही मिळालेली नाही.

हे आकडे सांगितले की समोरून एक उत्तर हमखास येतं: ‘लोकच बायकांना मत देत नाहीत हो.’ हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळलं की बाकीचा विषय समजायला सोपा जातो.

गळती नेमकी कुठे होते

मतदानाला बायका कमी येतात असं आता राहिलेलं नाही. २०१९ मध्ये देशात पुरुषांचं मतदान ६७.०१ टक्के होतं आणि महिलांचं ६७.१८ टक्के. २०२४ मध्येही महिला किंचित पुढेच होत्या. म्हणजे रांगेत त्या आहेत.

आता मतदान यंत्रावरची नावं बघा. २०२४ मध्ये देशभरात ८,३६० उमेदवार उभे होते. त्यांत महिला दहा टक्क्यांहूनही कमी. निवडून आलेल्यांत मात्र साडेतेरा टक्के. मतदारानं बाईला नाकारलं असतं तर हे उलटं दिसायला हवं होतं. (अपक्ष म्हणून उभे राहून अनामत गमावणाऱ्यांत पुरुषांचा भरणा मोठा असतो, त्यामुळे ‘बाई उभी केली की हमखास निवडून येते’ असा अर्थ यातून काढू नये. पण बाई म्हणून मत मिळत नाही, हे म्हणणं टिकत नाही एवढं नक्की.)

गळती होते ती मतदाराच्या दारात पोचण्याच्या आधी, तिकीट वाटपाच्या खोलीत. तिथे एकच शब्द चालतो: निवडून येण्याची क्षमता. ती मोजायची कशी? पैसा किती लावू शकतो, जातीचं गणित बसतं का, गावोगाव माणसं किती, साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था यांपैकी हातात काय आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला कायद्यानं ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो, विधानसभेला ४० लाखांपर्यंत. जिच्या नावावर सातबारा नाही, घर नाही, बँकेत स्वतःचा म्हणावा असा पैसा नाही, ती या परीक्षेला बसणार कशी? क्षमतेच्या नावाखाली आपण मालमत्ता मोजतो, आणि मालमत्ता बाईच्या नावावर नसते हे तर आपल्याला ठाऊकच आहे.

दुसरी अडचण पक्षाच्या रचनेतच आहे. प्रत्येक पक्षात ‘महिला आघाडी’ असते. हळदीकुंकू, बचतगट मेळावे, सभेला बायका आणणं, घरोघरी मतदार चिठ्ठ्या पोचवणं ही कामं तिच्याकडे. उमेदवार ठरवणाऱ्या जिल्हा बैठकीत मात्र आघाडीची अध्यक्षा सोडली तर बहुधा दुसरी बाई नसते. ही बैठक रात्री दहानंतर, कुणाच्या तरी फार्महाउसवर किंवा हॉटेलात होते. तिथे एकट्या बाईनं जाऊन बसायचं आणि उद्या गावात त्याची चर्चा ऐकायची. पुष्कळ चांगल्या कार्यकर्त्या या एका कारणानं मागे राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून ज्या पोचतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात आधीपासून राजकारण असतं. महाराष्ट्राच्या त्या सात जणींमध्येही बहुतेकींच्या घरी वडील, पती किंवा सासरे राजकारणात होते किंवा आहेत. यात त्यांचा कमीपणा नाही. पुरुष खासदारांतही घराणी काही कमी नाहीत. फरक एवढाच की घराणं नसलेल्या पुरुषाला निदान एखादी खिडकी सापडते. बाईला घराचं दार हेच एक दार. मृणाल गोरे यांच्यासारखी उदाहरणं म्हणूनच लक्षात राहतात. गोरेगावात पाण्याच्या नळासाठी लढत त्या नगरसेविका झाल्या, मग आमदार, आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून थेट लोकसभेत. ‘पाणीवाली बाई’ ही त्यांची ओळख मोर्चांतून घडली होती, कुणाच्या वारशातून आलेली नव्हती. त्याच वर्षी अहिल्या रांगणेकरही मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. पन्नास वर्षं होत आली त्याला.

यावर जगानं काय केलं

जगात ढोबळमानानं तीन वाटा आहेत. पहिली: पक्षानं स्वतःहून ठरवायचं की इतकी तिकिटं बायकांना. दुसरी: कायद्यानं पक्षांना सांगायचं की उमेदवारांमध्ये इतक्या महिला हव्यातच. १९९१ मध्ये अर्जेंटिनानं असा कायदा केला, पुढे मेक्सिकोनं तर निम्म्या-निम्म्यापर्यंत नेलं. तिसरी: काही जागाच महिलांसाठी राखून ठेवायच्या. रवांडाच्या संसदेच्या खालच्या सभागृहात ८० पैकी २४ जागा अशा आहेत. बाकीच्या जागांवरही पुष्कळ महिला निवडून येत असल्यामुळे आज तिथे साठ टक्क्यांहून जास्त महिला आहेत.

भारतात दुसरी वाट का चालत नाही, हे समजून घ्यायला हवं. अर्जेंटिना-मेक्सिकोसारख्या देशांत लोक सगळ्या किंवा काही जागांसाठी पक्षाच्या यादीला मत देतात. यादीत एक पुरुष, एक बाई असं लावलं की काम झालं. आपल्याकडे एका मतदारसंघात एकच निवडून येतो. उद्या कायदा केला की ‘३३ टक्के तिकिटं महिलांना द्या’, तर पक्ष ती देतीलही, पण पडणाऱ्या जागांवर. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसनं ४० टक्के तिकिटं महिलांना दिली. घोषणा चांगली होती, पण पक्षाच्याच एकूण दोन जागा आल्या. उलट २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलानं लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं महिलांना दिली आणि त्यांतल्या ५ निवडून आल्या. त्यांत बचतगटाचं काम केलेल्या, फारसं शिक्षण नसलेल्या प्रमिला बिसोई होत्या. पक्ष सत्तेत होता, जागा जिंकणाऱ्या होत्या. म्हणजे तिकिटं किती दिली यापेक्षा ती कुठली दिली हा खरा प्रश्न.

म्हणून आपण तिसरी वाट धरली: जागाच राखीव. त्या जागेवर सगळ्याच पक्षांना बाई द्यावी लागते, पळवाट उरत नाही.

२०२३ चा कायदा काय म्हणतो

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेनं १०६ वी घटनादुरुस्ती केली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. सोप्या भाषेत: लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा यांत एक तृतीयांश जागा महिलांना. आजच्या जागा धरल्या तर लोकसभेत १८१, महाराष्ट्राच्या वाट्याच्या ४८ पैकी १६, विधानसभेत ९६. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेल्या जागांमध्येही एक तृतीयांश त्या समाजातल्या महिलांना. राज्यसभेला आणि विधान परिषदेला हे लागू नाही. मुदत पंधरा वर्षं. पुढे वाढवायची की नाही ते संसद ठरवणार.

पण कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात एक अट घातली गेली. आधी जनगणना, मग त्या आकड्यांवरून मतदारसंघांची पुनर्रचना, आणि मग आरक्षण. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मागची पुनर्रचना आठवा: आयोग २००२ मध्ये नेमला, नवे मतदारसंघ २००८ मध्ये लागू झाले. त्यात यावेळी आणखी एक गुंता आहे. लोकसंख्येवर जागा वाटल्या तर उत्तरेच्या जागा वाढतील आणि कुटुंब नियोजन नीट राबवलेल्या दक्षिणेचं वजन घटेल, हा वाद जुना आहे. त्यासाठीच १९७६ पासून राज्याराज्यांतलं जागांचं वाटप गोठवून ठेवलं आहे. बायकांच्या जागांची गाठ या वादाला बांधली गेली. माझं स्पष्ट मत आहे की ती बांधायची गरज नव्हती. आहे त्या ५४३ जागांमधूनही १८१ काढता आल्या असत्या.

विरोधात पडलेली ती दोन मतं एमआयएमची होती: असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे आपल्या औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम महिलांना यात वेगळा वाटा नाही. ओबीसी महिलांच्या वाट्याची मागणी तर इतर अनेक पक्षांचीही आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ग्रामपंचायतीत ओबीसी महिला म्हणून जागा सुटते, तिथे माळ्याची, धनगराची, तेल्याची सून सरपंच होते. तीच लोकसभेच्या दाराशी आली की तिला कोणताच रकाना नाही.

एक मत, आणि त्यामागचा खरा प्रश्न

हा कायदा एका दिवसात आला नाही. पहिलं विधेयक १९९६ मध्ये देवेगौडा सरकारनं आणलं. गीता मुखर्जींच्या समितीनं ते तपासलं. मग ते पुनःपुन्हा मांडलं गेलं, सभागृहात कागद फाडले गेले, विषय पडून राहिला. ९ मार्च २०१० ला राज्यसभेनं ते १८६ विरुद्ध १ असं मंजूर केलं. लोकसभेत मात्र ते मतदानाला आलंच नाही आणि २०१४ मध्ये बाद झालं.

ते एकमेव विरोधी मत शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं होतं. आमच्या खानदेशात हे सांगितलं की लोक चमकतात. कारण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवणारे तेच. त्यांच्या संघटनेनं बायकांची पॅनेलं उभी केली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ मध्ये सगळी ग्रामपंचायत बायकांची झाली, आरक्षणाचा कायदा यायच्या आधी. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली. मग असा माणूस विरोधात का?

आक्षेप होता तो मतदारसंघ चिठ्ठीनं ठरवण्याला आणि दर निवडणुकीला फिरवण्याला. मला त्यांचं मत पटत नाही, पण ज्या जागी त्यांनी बोट ठेवलं ती जागा खरी दुखरी आहे. ती कळायला दिल्लीला जायची गरज नाही. कुठल्याही नगरपालिकेची आरक्षण सोडत बघायला जावं.

मी गेले आहे. सभागृहात पंख्यांचा घरघराट, टेबलावर काचेची बरणी, तिच्यात सारख्या घडीच्या चिठ्ठ्या. पालिका शाळेतली सातवीतली एक मुलगी, दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश, स्टुलावर उभी. ती हात घालते, चिठ्ठी काढते, अधिकारी नंबर वाचतात: ‘सर्वसाधारण महिला’. मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘गेला. आपला वॉर्ड महिला पडला.’ जणू वॉर्डवर काही संकट पडलं. अर्ध्या तासात बाहेर चहाच्या टपरीवर ठरलेलं असतं, ‘मग वहिनींना उभं करू.’ आठवडाभरात चौकात फ्लेक्स लागतो. वहिनींचा फोटो छोटा, भाऊंचा मोठा, हात जोडलेला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्यावर हसून लोक विषय संपवतात. ‘सरपंच पती’, ‘बाईंचे मिस्टर’, सह्या तिच्या, कारभार त्यांचा. मी पुढची गोष्ट सांगते.

अशाच एका वहिनी निवडून आल्या. पहिलं वर्ष त्या सभेत बोलल्याच नाहीत असं त्याच सांगतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक शंभर पानी वही केली. गल्लीचं नाव, नळाला पाणी किती वाजता, किती वेळ, कुठली गटार तुंबते, पथदिवा कधी बंद पडला. सभेत वही उघडून वाचायच्या. अभियंता ‘बघतो’ म्हणाला की त्याच्यासमोर तारीख लिहायच्या. तिसऱ्या वर्षी नवी पाइपलाइन आली. चौथ्या वर्षी लोक भाऊंकडे न जाता थेट त्यांच्याकडे येऊ लागले. पाचव्या वर्षी पुन्हा सोडत झाली, वॉर्ड खुला झाला. त्या तिकीट मागायला गेल्या तर नेते म्हणाले, ‘ताई, तुमची टर्म झाली ना आता.’

चक्रानुक्रमाचा, म्हणजे राखीव जागा फिरवत ठेवण्याचा, तोटा तो हाच. काम शिकायला तीन वर्षं जातात आणि शिकून झालं की जागा फिरते. पुन्हा निवडून यायची आशाच नसेल तर शेवटच्या वर्षी राबायचं कशासाठी? आणि जागा कायमची राखीव ठेवली तर तिथल्या पुरुष कार्यकर्त्यानं आयुष्यभर काय करायचं? दोन्ही प्रश्न खरे आहेत.

२०२३ च्या कायद्यात या बाबतीत एक चांगला बदल आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. २०१० च्या विधेयकात राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरणार होते. नव्या कायद्यात ते फिरतील ते पुढच्या पुनर्रचनेनंतर. म्हणजे एका बाईला त्याच मतदारसंघात दोन-तीनदा उभं राहता येईल, आपल्या कामाचा हिशेब देऊन पुन्हा मत मागता येईल.

राखीव जागेनं खरंच काही बदलतं का

हे आपल्याकडे तपासून झालं आहे. १९९३ पासून ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत आणि पालिकांत एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या. महाराष्ट्रानं त्याआधीच, १९९० मध्ये, ३० टक्के दिल्या होत्या आणि २०११ मध्ये निम्म्या केल्या. मुंबई महापालिकेत आज २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या.

जागा चिठ्ठीनं ठरतात, त्यामुळे अभ्यासकांना आयतीच तुलना मिळाली. रागबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायती पाहिल्या. जिथे महिला प्रमुख होत्या तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हे माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

मुंबईचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिखिल भवनानी यांनी १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले वॉर्ड घेतले. त्यांची तुलना राखीव नसलेल्या वॉर्डांशी केली. आधी राखीव होते तिथे खुल्या निवडणुकीतही महिला निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. एकदा बाईला काम करताना पाहिलं की पक्षाची आणि मतदाराची नजर बदलते. ‘टर्म झाली ना’ म्हणणारे नेते सगळीकडे जिंकत नाहीत, हे मला त्या आकड्यांतून कळलं.

पश्चिम बंगालमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, दोनदा महिला प्रमुख मिळालेल्या गावांत मुलगे आणि मुली यांच्या शिक्षणातली तफावत पुसली गेलेली आढळली. त्या स्टुलावरच्या मुलीची आठवण मला हे वाचताना झाली होती.

विरोध संपलेला नाही. जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडा गावच्या महिला सरपंचांना पदावरून काढलं गेलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि गावाला बाई सरपंच म्हणून पचली नाही, अशा अर्थाचं स्पष्ट निरीक्षण नोंदवलं. विटनेरपासून पस्तीस वर्षांनी, त्याच जिल्ह्यात. आणि त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातल्या जळगाव आणि रावेर या दोन्ही मतदारसंघांतून महिला खासदार झाल्या. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

कायदा लागू होईपर्यंत

जनगणना, पुनर्रचना, वाद, तारखा. यात जी वर्षं जातील त्या वर्षांत काही करायला कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्रातल्या ४८ जागांचा एक तृतीयांश म्हणजे १६. जिंकण्यासारख्या जागांवर तेवढी तिकिटं द्यायला कोणत्याही पक्षाला घटनादुरुस्ती लागत नाही. राज्यात गेल्या तीसेक वर्षांत हजारो बायकांनी सरपंच, सभापती, नगराध्यक्ष, महापौर म्हणून कारभार केला आहे. अर्थसंकल्प वाचता येणाऱ्या, टेंडरची फाइल कुठे अडते हे माहीत असलेल्या, जिल्हाधिकाऱ्यांशी बोलायला न घाबरणाऱ्या. ‘चांगली बाई मिळत नाही’ म्हणणाऱ्या नेत्यानं आपल्याच पक्षाच्या माजी जिल्हा परिषद सदस्यांची यादी काढून बघावी.

आणि आपल्याला, मतदारांना, एक साधी गोष्ट करता येते. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ती पुष्कळदा रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. त्या दिवशी जाऊन बसायचं, आणि सरपंच बाई असतील तर प्रश्न त्यांनाच विचारायचा, शेजारी बसलेल्या मिस्टरांना नाही. त्या अडखळतील, वेळ घेतील. घेऊ द्यायचा.

त्या वहिनींना आता पद नाही. वही मात्र चालू आहे, तिसरी. मागच्या महिन्यात गेले तेव्हा ओट्यावर दोन बायका नळाची तक्रार घेऊन बसल्या होत्या, आणि वहिनी चष्मा लावून विचारत होत्या, ‘किती तारखेपासून? नीट आठवून सांग.’